प्रचारभाषण आणि श्रोत्याची जागा : औसा व नांदेड येथील दोन भाषणांच्या निमित्ताने

१

मराठी वाङ्मयाच्या अध्ययन-अध्यापनात वक्तृत्वाला मान आहे. पण तो सगळा वक्त्याच्या वाट्याला गेला आहे, श्रोत्याच्या वाट्याला फारसे काही आलेले नाही. शाळेपासून विद्यापीठापर्यंत वक्तृत्वस्पर्धा होतात, वादविवादस्पर्धा होतात, त्यांना फिरते चषक असतात. बोलावे कसे, याचे शिक्षण अशा रीतीने चालू राहते. ऐकावे कसे आणि ऐकलेल्याचे पृथक्करण कसे करावे, या शिक्षणासाठी मात्र अभ्यासक्रमात जागा शोधावी लागते.

व्याख्यानाला ग्रंथाची प्रतिष्ठा मिळू शकते. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात अध्यापन करणाऱ्या नरहर कुरुंदकरांच्या (१९३२–१९८२) विचारांचा मोठा भाग व्याख्यानांच्या वाटेने वाचकांपर्यंत पोहोचला आणि त्याची रीतसर चिकित्साही झाली. त्याच नांदेडच्या मैदानांवर दर निवडणुकीत होणाऱ्या प्रचारभाषणांना हे भाग्य लाभले नाही. कंधारचे केशवराव धोंडगे शेतकरी कामगार पक्षाच्या वतीने विधानसभेत आणि १९७७ मध्ये नांदेड मतदारसंघातून लोकसभेत गेले. विधिमंडळात किंवा संसदेत जे बोलले जाते ते कार्यवृत्तात राहते; गावच्या पारावर किंवा बाजाराच्या मैदानात मते मागताना जे बोलले जाते ते ऐकणाऱ्याच्या आठवणीपुरतेच उरते. आठवणीत उरतात त्या कोट्या, टोमणे आणि हशा. युक्तिवाद सहसा उरत नाही. त्यामुळे प्रचारभाषणाची समीक्षा संहितेच्या अभावी प्रदीर्घ काळ आख्यायिकेच्या पातळीवर राहिली.

ही अडचण आता उरलेली नाही. गेल्या काही निवडणुकांत मोठ्या सभांचे संपूर्ण ध्वनिचित्रमुद्रण सहज उपलब्ध होऊ लागले आहे. संहिता हाती आली असताना तिचे काय करायचे, हा प्रश्न म्हणूनच वाङ्मयाच्या अध्यापकापुढे नव्याने उभा राहतो. मराठवाड्यात तो केवळ सैद्धांतिक राहत नाही. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत लातूर जिल्ह्यातील औसा येथे ९ एप्रिल रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांचे भाषण झाले आणि तीनच दिवसांनी, १२ एप्रिल रोजी, नांदेड येथे राज ठाकरे यांचे भाषण झाले. औसा ज्या उस्मानाबाद मतदारसंघात मोडते त्या मतदारसंघात, तसेच लातूर आणि नांदेड येथे १८ एप्रिल रोजी एकाच दिवशी मतदान झाले. दोन्ही भाषणांची देशभर चर्चा झाली. त्यांतील पहिले भाषण तर प्रथमच मतदान करणाऱ्यांना उद्देशून होते. म्हणजे पदवीवर्गाच्या बाकावर बसणारा विद्यार्थीच त्याचा संबोध्य होता. जो विद्यार्थी संहितेचा वाचक व्हायचा आहे, तोच संहितेच्या आत श्रोता म्हणून आधीच बसवला गेलेला आहे. प्रचारभाषण शिकवण्याचे प्रयोजन आणि त्यातली अडचण, दोन्ही याच वस्तुस्थितीत आहेत.

२

प्रचारभाषण वर्गात येते तेव्हा ते साधारणतः तीन मार्गांनी हाताळले जाते. पहिला मार्ग अलंकारगणनेचा. अनुप्रास कोठे आहे, विरोधाभास कोठे आहे, तीन पदांची चढती माळ कोठे आहे, हे विद्यार्थ्याने दाखवायचे आणि गुण मिळवायचे. राजर्षी शाहू महाविद्यालयाच्या परंपरेतून पुढे आलेला आणि सर्वतोमुखी झालेला ‘लातूर पॅटर्न’ विज्ञानशाखेच्या प्रवेशपरीक्षांसाठी घडला. नियोजन, सराव आणि पुन्हा सराव हे त्याचे बळ आहे. पण याच मनोवृत्तीने भाषणाकडे पाहिले तर विश्लेषणाचेही ठरीव साचे तयार होतात. विद्यार्थी ‘भावनिक आवाहन’ हे लेबल अचूक लावतो, आणि ते आवाहन आपल्यावर नेमके काय करून गेले हे मात्र सांगू शकत नाही. नावे ठेवणे आणि उकल करणे या दोन भिन्न क्रिया आहेत.

दुसरा मार्ग सत्यासत्याच्या पडताळणीचा. आकडा खरा की खोटा, घटना घडली की नाही, हे तपासणे नागरिकासाठी आवश्यकच आहे. परंतु भाषणाचा फार मोठा भाग खरे-खोटेपणाच्या कक्षेत येत नाही. आवाहन, प्रश्न, शपथ, आर्जव, धमकी यांना खरे किंवा खोटे म्हणता येत नाही. शब्दांनी केवळ वर्णन होत नाही, कृतीही होते, हे जे. एल. ऑस्टिनने ‘हाऊ टू डू थिंग्ज विथ वर्ड्स’ (१९६२) या व्याख्यानसंग्रहात दाखवून दिले. प्रचारभाषण हा अशा कृतिरूप वाक्यांचा मोठा समुच्चय असतो. केवळ तथ्ये तपासणारा विद्यार्थी भाषणाच्या केंद्रापाशी पोहोचण्याआधीच थांबतो.

तिसरा मार्ग परिणामाचा. जो जिंकला त्याचे भाषण प्रभावी, हे त्याचे सूत्र. नांदेडचेच उदाहरण या सूत्राचा फोलपणा दाखवण्यास पुरेसे आहे. राज ठाकरे यांच्या सभेची वाहवा झाली. त्या मतदारसंघातील काँग्रेसचे उमेदवार अशोक चव्हाण मात्र सुमारे ४० हजार मतांनी पराभूत झाले आणि भाजपचे प्रताप पाटील चिखलीकर निवडून आले. वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला मिळालेली मते या फरकाच्या कितीतरी पट, १ लाख ६० हजारांहून अधिक होती. निकालामागची कारणे उमेदवारांची संख्या, सामाजिक जुळण्या, संघटना आणि पैसा अशा अनेक ठिकाणी असतात. निकालावरून भाषणाचे मूल्य ठरवणे म्हणजे पुस्तकाच्या खपावरून कादंबरीची समीक्षा करण्यासारखे आहे.

या तिन्ही मार्गांत एक गोष्ट सुटते, ती म्हणजे श्रोता. ॲरिस्टॉटलने आपल्या वक्तृत्वशास्त्रात भाषणाचे तीन घटक मानले : वक्ता, विषय आणि श्रोता. यांपैकी भाषणाचे प्रयोजन ठरते ते श्रोत्यावरून, असे त्याचे प्रतिपादन आहे. श्रोता भावी कृतीविषयी निर्णय घेणारा सभासद असेल तर भाषण विचारप्रधान. गतकृत्यांचा निवाडा करणारा न्यायपंच असेल तर न्यायालयीन. आणि केवळ प्रेक्षक असेल तर प्रशंसा वा निंदा करणारे प्रशस्तिपर. या वर्गीकरणाकडे बहुधा भाषणांचे प्रकार म्हणून पाहिले जाते. वस्तुतः ते श्रोत्याच्या जागांचे वर्गीकरण आहे. निवडणुकीतील श्रोता हा तत्त्वतः पहिल्या प्रकारचा असतो. पुढील पाच वर्षे कारभार कसा व कोणी करावा, हे त्याने ठरवायचे असते. प्रत्यक्ष भाषण त्याला त्याच जागेवर बसवते की तेथून उठवून अन्यत्र नेते, हाच विश्लेषणाचा पहिला प्रश्न असला पाहिजे. त्यापाठोपाठ आणखी दोन प्रश्न येतात. भाषण श्रोत्याकडून कोणती कृती अपेक्षिते? आणि श्रोत्याने उलट काही म्हणावयाचे ठरवले तर कोणते उत्तर त्याच्यासाठी शिल्लक ठेवते?

३

औसा येथील भाषणातील बहुचर्चित भाग प्रश्नरूप आहे. आपले पहिले मत बालाकोट येथे हवाई हल्ला करणाऱ्या जवानांना, पुलवामा येथे प्राण गमावलेल्या वीरांना समर्पित होऊ शकते का, असे नवमतदारांना विचारण्यात आले. पुढे हीच वाक्यरचना गरिबाचे पक्के घर, शेतकऱ्याच्या शेतातील पाणी अशा विषयांकडे नेण्यात आली.

येथे विद्यार्थ्याने पहिल्यांदा लक्ष द्यावे ते वाक्याच्या घडणीकडे. रूप प्रश्नाचे आहे, कार्य विनंतीचे आहे, आणि स्वीकार झाला तर घडणारी कृती संकल्पाची आहे. प्रश्नाचे व्याकरणिक रूप ‘होय’ आणि ‘नाही’ या दोहोंना वाव देते. परंतु मैदानात उभ्या असलेल्या तरुणाला ‘नाही’ म्हणायचे असेल तर ते कोणाला उद्देशून जाईल? मागणाऱ्या पक्षाला नव्हे, तर थेट मृत सैनिकाला. उत्तराची एक बाजू अशा प्रकारे नैतिक दृष्ट्या अशक्य होते. प्रश्न खुला दिसतो आणि बंद असतो.

दुसरे लक्ष कारकाकडे. शालेय व्याकरणात शिकलेला कारकविचार येथे अनपेक्षितपणे उपयोगी पडतो. ज्याला द्यावयाचे ते संप्रदान. या वाक्याच्या अर्थरचनेत मताचे संप्रदान जवान आहेत. मतदान यंत्रावर मात्र उमेदवाराचे नाव आणि चिन्ह असते. वाक्यातील घेणारा आणि व्यवहारातील घेणारा भिन्न आहेत, आणि व्यवहारातील घेणारा वाक्यात कोठेच नाही. ‘मतदान’ या आपल्या शब्दात मुळातच ‘दान’ आहे. मत हा अधिकार आहे, ही जाणीव या शब्दाने थोडी झाकली जाते. दानावरून समर्पणावर जाणे मग श्रोत्याला जड जात नाही. अधिकाराचा हिशेब मागता येतो, दानाचा मागणे बरे दिसत नाही, आणि समर्पणाचा मागणे तर पातकच वाटते.

हा वीररस आहे, एवढे म्हणून थांबणे पुरेसे नाही. रसचर्चेतील साधारणीकरणाच्या कल्पनेत भाव व्यक्तिगत संबंधांतून मुक्त होतो. प्रेक्षकाने नाट्यगृहातून बाहेर पडून काही करावे, अशी अपेक्षा त्याच्याकडून नसते. प्रचारसभेत भावाचे सर्वसामान्यीकरण तर होते, पण लगेच त्याला एका विशिष्ट कृतीशी, विशिष्ट दिवशी दाबायच्या बटणाशी जोडले जाते. काव्यशास्त्राची परिभाषा येथे जशीच्या तशी लावता येत नाही, हे कळणे हाच तिच्या उपयोगाचा एक मार्ग आहे.

ॲरिस्टॉटलच्या भाषेत सांगायचे तर, भविष्याविषयी निर्णय घेणाऱ्या सभासदाला येथे प्रशस्तीच्या प्रेक्षकाची जागा मिळाली. घर आणि पाणी हे विषय खरे पाहता विचारप्रधान भाषणाचे आहेत. किती घरे, कोणत्या निधीतून, पाणी कोणत्या धरणातून, हे विचारता येते. आणि ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथील श्रोता हे विचारण्यास सर्वाधिक पात्र आहे. परंतु हुतात्म्यांसाठी योजलेली समर्पणाची रचनाच घर आणि पाणी यांनाही लाभल्यामुळे धोरणही स्मरणाच्या कोटीत जाऊन बसते.

या भाषणाविरुद्ध तक्रार झाली. संरक्षणदलांचा प्रचारात वापर करू नये, अशी सूचना निवडणूक आयोगाने मार्च २०१९ मध्ये दिलेली होती. भाषणाच्या संहितेची तपासणी केल्यानंतर त्यात आचारसंहितेचा भंग नाही, असा निर्णय आयोगाने १ मे रोजी दिला. आयुक्त अशोक लवासा यांचे मत निराळे असल्याचे नंतर प्रसिद्ध झाले. वर्गात हा निर्णय बरोबर की चूक, यावर तास घालवणे सोपे आहे. अधिक फलदायी आहे ते असे पाहणे की कायद्याचे वाचन आणि समीक्षेचे वाचन वेगवेगळे प्रश्न विचारतात. कायदा विचारतो, मर्यादा ओलांडली का? समीक्षा विचारते, मर्यादेच्या आत राहूनही काय साधले गेले?

४

नांदेडच्या भाषणाची घडण याच्या अगदी उलट आहे. महाराष्ट्र नवनिर्माण सेना ती निवडणूक लढवत नव्हती. राज ठाकरे यांनी त्या निवडणुकीत मोदी आणि अमित शहा यांच्याविरोधात मते द्या, असे सांगत राज्यात सभांची मालिका घेतली. नांदेडची सभा तिच्या आरंभी झाली. मोठ्या पडद्यावर सत्ताधाऱ्यांच्या जुन्या भाषणांच्या, जाहिरातींच्या चित्रफिती दाखवायच्या आणि त्यांतील विसंगती उघड करायची, ही या मालिकेची रीत. मेळघाटातील हरिसाल या ‘डिजिटल’ गावाविषयीच्या दाव्याची तिने केलेली चिरफाड गाजली आणि ‘लाव रे तो व्हिडिओ’ हे वाक्य घराघरांत गेले.

हे वाक्य कोणाला उद्देशून आहे, असे विद्यार्थ्याला विचारावे. ते श्रोत्याला उद्देशून नाही. यंत्र चालवणाऱ्या सहकाऱ्याला आहे. श्रोता ते केवळ ऐकतो. वक्ता क्षणभर गप्प होतो आणि प्रतिपक्षाचाच आवाज मैदानात घुमतो. श्रोत्याला वाटते की आपल्याला कोणी काही पटवत नाही, आपण स्वतः पाहत आहोत. न्यायशास्त्राच्या परिभाषेत, शब्दप्रमाणाला येथे प्रत्यक्षाचा वेष चढतो. पडद्यावर दिसते ते प्रत्यक्ष नसते. ते कोणीतरी निवडलेले, कापलेले, क्रमाने लावलेले वचन असते. ही निवड अप्रामाणिकच असते असे नाही. परंतु ती निवड आहे, याचा विसर पाडणे हे या रचनेचे सामर्थ्य आहे. भाजपनेही पुढे मुंबईत चित्रफितींच्याच साहाय्याने उत्तर दिले. म्हणजे रचना कोणा एका पक्षाची मक्तेदारी राहिली नाही.

न्यायदर्शनात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत : तत्त्वनिर्णयासाठी चालणारा वाद, जिंकण्यासाठी चालणारा जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ परपक्षाचे खंडन करणारी वितंडा. मराठीत ‘वितंडवाद’ हा शब्द निंदेपुरताच उरला आहे. मूळ संज्ञा मात्र रचनेचे वर्णन करते. नांदेडचे भाषण या शास्त्रीय अर्थाने वितंडा आहे. ‘पक्ष’ या शब्दाच्या दोन्ही अर्थांनी वक्त्याचा पक्ष त्या रिंगणात नव्हता. त्यामुळे प्रतिपक्षाला प्रत्याक्रमण करणे अवघड गेले; ज्याने काही प्रतिपादनच केले नाही त्याचे खंडन कसे करावे? सभांचा खर्च कोणाच्या खात्यात धरायचा, हा त्या वेळी विचारला गेलेला प्रश्नही याच रचनेतून उद्भवतो.

येथे श्रोता न्यायपंच होतो. पुरावा पाहतो, आरोपीची पूर्वीची आणि नंतरची विधाने ताडून पाहतो, दोषी ठरवतो. सत्तेला तिच्या शब्दांचा जाब विचारणे ही लोकशाहीतील मोठी गोष्ट आहे आणि औशाच्या श्रोत्याला न मिळालेली उलटतपासणीची संधी या श्रोत्याला मिळाल्यासारखी वाटते. पण न्यायपंचाचे काम निवाड्यापाशी संपते. मग मत कोणाला, कशासाठी, या प्रश्नावर भाषण थांबते. शिवाय उलटतपासणी वक्ता करतो. न्यायपंचाला साक्षीदार बोलावण्याचा अधिकार नसतो. एका मैदानात श्रोत्याला श्रद्धा अर्पण करावयास सांगितले गेले, दुसऱ्या मैदानात निवाडा देण्यास. तीन दिवसांच्या अंतराने झालेल्या दोन्ही सभांत विचार करून ठरवणाऱ्या सभासदाची जागा बव्हंशी रिकामी राहिली.

५

या दोन भाषणांचे एकत्र वाचन आणखी एका कारणाने उद्बोधक ठरते. औशाच्या व्यासपीठावर पंतप्रधानांसोबत असलेले उद्धव ठाकरे त्याच वर्षाअखेर भाजपपासून दूर झाले. नांदेडचे २०१९ मधील काँग्रेस उमेदवार अशोक चव्हाण फेब्रुवारी २०२४ मध्ये भाजपमध्ये गेले. राज ठाकरे यांनी एप्रिल २०२४ मध्ये मोदी यांना बिनशर्त पाठिंबा जाहीर केला. वक्त्यांच्या भूमिका बदलल्या. भाषणांच्या संहिता जागच्या जागी आहेत. वक्त्याच्या बाजूवरून भाषणाचे मूल्य ठरवणाऱ्या विद्यार्थ्याला २०१९ चे आपले टिपण २०२४ मध्ये फाडून टाकावे लागले असते. श्रोत्याच्या जागेवरून विश्लेषण करणाऱ्याचे टिपण मात्र अबाधित राहते.

अध्यापकाच्या तटस्थतेविषयी घेतल्या जाणाऱ्या आक्षेपाचे उत्तरही येथेच आहे. मराठवाड्यातील अनेक शिक्षणसंस्थांचे चालक राजकारणात असतात. वर्गातील विद्यार्थी गावातील गट, जात, नातेसंबंध घेऊनच बाकावर बसतात. अशा वर्गात प्रचारभाषण आणणे म्हणजे अध्यापकाने विस्तव हातात घेणे होय, ही भीती अनाठायी नाही. परंतु ‘हे भाषण योग्य आहे का’ या प्रश्नाऐवजी ‘या भाषणात ऐकणाऱ्याला कोठे उभे केले आहे’ हा प्रश्न विचारला की दोन्ही बाजूंच्या विद्यार्थ्यांना एकाच संहितेकडे बोट दाखवावे लागते. मतभेद संपत नाहीत. त्यांना पुरावा द्यावा लागतो.

पद्धतीविषयी काही गोष्टी यातून निष्पन्न होतात. पहिली अशी की, संहिता विद्यार्थ्यांनी स्वतः उतरवून काढावी. टाळ्या, घोषणा, थांबे यांसकट. ऐकलेले लिहिताना भाषणाचा वेग मंदावतो आणि जे मैदानात वाहून गेले असते ते कागदावर अडते. दुसरी अशी की, हिंदी भाषणाचा मराठी अनुवाद हाच विश्लेषणाचा पाठ मानावा. हिंदीतील ‘हम’ मराठीत आणताना प्रत्येक वेळी ‘आम्ही’ की ‘आपण’ हे ठरवावे लागते; म्हणजेच श्रोता आत आहे की बाहेर, याचा निर्णय अनुवादकाला करावा लागतो. ‘शहीद’ला मुक्तिसंग्रामाच्या स्मारकांवर कोरलेला ‘हुतात्मा’ हा प्रतिशब्द वापरला तर काय बदलते, हेही त्याच वेळी कळते. तेलंगण आणि कर्नाटकाच्या सीमेवरील, मराठीबरोबर उर्दू, तेलुगू, कन्नड कानांवर पडत वाढलेल्या देगलूर-उदगीरच्या विद्यार्थ्याला ही कसरत परकी नाही. आजवर तिला अभ्यासाचा दर्जा मिळाला नव्हता, इतकेच. तिसरी आणि निर्णायक गोष्ट अशी की, प्रत्येक विद्यार्थ्याने श्रोत्याच्या वतीने भाषणाला उत्तर लिहावे आणि ते उत्तर भाषणाच्या कोणत्या वाक्यापाशी अडते, हे दाखवावे. गुण उत्तराच्या बाजूला नसावेत. अडथळा किती अचूकपणे दाखवला, त्याला असावेत.

अशा अध्यापनाने मतदाराचे मत बदलेलच असे नाही, आणि ते त्याचे उद्दिष्टही नव्हे. प्रथमच मत देणारा तरुण सभेला जाईल, टाळ्या वाजवील, कदाचित ठरवलेल्याच चिन्हासमोरचे बटण दाबील. फरक एवढाच पडावा की त्याला विचारलेल्या प्रश्नाला त्याच्याकडे एकाहून अधिक उत्तरे असावीत, आणि आपण दिलेले उत्तर आपणच निवडले, हे त्याला ठाऊक असावे. वक्तृत्वाच्या चषकांनी भरलेल्या महाविद्यालयीन कपाटांत या कौशल्यासाठी अजून चषक नाही. अभ्यासक्रमात एका प्रश्नपत्रिकेची जागा तरी त्याला मिळायला हवी.